लेह ते पोर्ट ब्लेअर : एका अंतराचा दोनशे वर्षांचा इतिहास

लडाखमधील लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंचीवर, सिंधू नदीच्या खोऱ्यात आहे. अंदमानातील पोर्ट ब्लेअरचा विमानतळ बंगालच्या उपसागरातील एका बेटावर आहे. या शहराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम असे झाले. एकाच्या भोवती हिमशिखरे, दुसऱ्याच्या भोवती समुद्र. भारताच्या नकाशावर एकमेकांपासून इतके दूर आणि इतके वेगळे असे दोन विमानतळ क्वचितच सापडतील. या दोहोंमधील अंतर किती, असे आज एखाद्या विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीला विचारले तर क्षणार्धात उत्तर येते : सुमारे २,९४० किलोमीटर.

हे अंतर कोणी दोरी लावून मोजलेले नाही. लेहहून निघून सरळ रेषेत पोर्ट ब्लेअरला पोहोचलेला प्रवासी नाही आणि त्या रेषेवरून नियमित जाणारे विमानही नाही. तरीही ही संख्या विश्वासार्ह मानली जाते, कारण दोन्ही ठिकाणांचे पृथ्वीवरील स्थान निश्चित माहीत आहे आणि पृथ्वीचा आकारही माहीत आहे. या दोन गोष्टी ‘माहीत होणे’ ही मात्र सहज घडलेली घटना नव्हे. तिच्यामागे दोनशे वर्षांचे मोजमाप आहे, आणि त्यात अनेकांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

दिल्लीतील आर. के. पुरम ही सरकारी वसाहत या इतिहासाकडे पाहण्यासाठी योग्य जागा आहे. तिच्या ईशान्येला थोड्याच अंतरावर सफदरजंगचा जुना विमानतळ आहे आणि त्याच्यासमोर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे कार्यालय. पश्चिमेला पालम, म्हणजे आजचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ. वसाहतीतील वेस्ट ब्लॉक या कार्यालयीन इमारतींपैकी चौथ्या इमारतीत भारतीय सर्वेक्षण विभागाचे हवाई सर्वेक्षण संचालनालय राहिले आहे. १७६७ साली स्थापन झालेला हा विभाग देशातील सर्वांत जुन्या वैज्ञानिक संस्थांपैकी एक आहे. एका बाजूला विमाने, दुसऱ्या बाजूला ती चालवण्याचे नियम आणि मध्ये भूमी मोजणारे कार्यालय, असा हा योग आहे.

साखळीने मोजलेली पृथ्वी

कथेचा आरंभ १८०२ सालचा. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळील सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा मोजायला घेतली. साधन होते शंभर फूट लांबीची पोलादी साखळी. उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि साखळी नकळत लांब होते. म्हणून तिला सावलीत ठेवून प्रत्येक वेळी तापमानाची नोंद घ्यावी लागे. या एका रेषेला सारे महत्त्व होते. ती चुकली असती तर पुढचे प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात चुकले असते.

यानंतरची पद्धत भूमितीची होती. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. अशा रीतीने टेकडीवरून टेकडीकडे, देवळाच्या शिखरावरून किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहत त्रिकोणांची साखळी पुढे सरकत राहिली. कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यावर चढवावा लागे. धुके, धूळ, जंगल आणि हिवताप हे नित्याचे सोबती होते. या कामात दगावलेल्या खलाशांची, मशालजींची आणि हमालांची नावे इतिहासाने फारशी टिपलेली नाहीत.

लॅम्बटन स्वतःही या कामातून परतला नाही. वीस वर्षे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत तो विदर्भात पोहोचला आणि नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. भारताच्या मापनाचा पाया घालणारा माणूस वर्धा जिल्ह्याच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील विज्ञानाच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल हा प्रश्नच आहे.

त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. बिदरजवळील दमरगिड्डापासून विदर्भ ओलांडून मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंतच्या कंसाचा अहवाल १८३० साली प्रसिद्ध झाला. या मापनांच्या आधारे एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार ठरवला : विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे ६,३७७ किलोमीटर आणि ध्रुवांशी चपटेपणा सुमारे तीनशेत एक भाग. ‘एव्हरेस्ट गोलाभ’ या नावाने ओळखली जाणारी ही आकृती पुढे दीडशेहून अधिक वर्षे भारतीय नकाशांचा पाया होती आणि कल्याणपूर हे तिचे आरंभस्थान होते. १८४१ पर्यंत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा, सुमारे २,४०० किलोमीटरांचा महाकंस पूर्ण झाला. त्यामागचे प्रचंड आकडेकाम ज्या गणकांनी केले, त्यांत १८३१ साली रुजू झालेले राधानाथ सिकदर यांचे नाव अग्रगण्य आहे.

डोंगराने ओढलेला ओळंबा

या मोजणीत एक विसंगती निघाली आणि तिने विज्ञानाला नवी वाट दाखवली. कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेस मुझफ्फरनगरजवळ असलेले कलियाना या दोन स्थानांतील अक्षांशाचा फरक दोन प्रकारे काढला गेला : एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांच्या निरीक्षणावरून. दोन्ही उत्तरे एकच यायला हवी होती. ती सुमारे सव्वापाच विकलांनी वेगळी आली. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटरांचा होतो.

ताऱ्यांचे निरीक्षण ओळंब्याच्या आधारे होते आणि ओळंबा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने लोंबतो. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान त्या ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढत असणार, हे जॉन प्रॅट या गणितज्ञ धर्मोपदेशकाने ओळखले. पण हिशेब केल्यावर अपेक्षित ओढ जवळजवळ तिप्पट, म्हणजे पंधरा विकलांहून अधिक यायला हवी होती. डोंगर दिसतो तितका ‘जड’ का नाही? १८५५ साली जॉर्ज एअरी याने असे उत्तर सुचवले की पर्वतांना खाली खोल, हलक्या खडकांची मुळे असतात. पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगासारखे ते अधिक घन थरावर तोलून धरलेले असतात. प्रॅटने आपले निराळे स्पष्टीकरण पुढे विकसित केले. भूशास्त्रातील समस्थायित्वाचा सिद्धान्त या वादातून उभा राहिला. दोन ठिकाणांमधील अंतराचा दीडशे मीटरांचा हिशेब जुळेना, म्हणून माणसाला हिमालयाच्या तळाचा विचार करावा लागला.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र कायम राहिली. त्रिकोणासाठी एका टोकावरून दुसरे टोक दिसावे लागते. मद्रासच्या किनाऱ्यावरून अंदमान दिसणे शक्य नव्हते. हजाराहून अधिक किलोमीटरांच्या समुद्रावर साखळी टाकता येत नाही. लेह आणि पोर्ट ब्लेअर एकाच अचूकतेने एकाच जाळ्यात येण्यासाठी उपग्रहांची वाट पाहावी लागली.

अंतर काढण्याची रीत

दोन स्थानांचे अक्षांश-रेखांश कळल्यावर उरते ते गणित. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताचा कंस असते : ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्या वर्तुळाचा तुकडा. सपाट नकाशावर हा कंस बहुधा वाकडा दिसतो. वाकडेपणा नकाशाचा असतो, मार्गाचा नव्हे.

नाविकांसाठी हे गणित सोपे करणारे एक सूत्र ‘हॅव्हरसाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे नाव जेम्स इनमन याने १८३५ साली रूढ केले. त्यामागील कल्पना मात्र भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही. ज्याला इंग्रजीत ‘व्हर्साइन’ म्हणतात, त्याला सूर्यसिद्धान्तात उत्क्रमज्या असे नाव असून तिचे कोष्टकही दिलेले आहे. हॅव्हरसाइन म्हणजे त्या उत्क्रमज्येचे अर्ध. ‘साइन’ हा शब्ददेखील ‘ज्या’ आणि ‘जीवा’ या संस्कृत शब्दांपासून अरबी व लॅटिनमार्गे, भाषांतराच्या एका गैरसमजातून घडलेला आहे.

विद्यार्थ्याला हे उदाहरण साध्या गणकयंत्रावर करून पाहता येईल. लेहचे अक्षांश ३४.१४ अंश उत्तर, रेखांश ७७.५५ अंश पूर्व. पोर्ट ब्लेअरचे अनुक्रमे ११.६४ आणि ९२.७३. अक्षांशांतील फरक २२.५० अंश, त्याच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग ०.०३८०६. रेखांशांतील फरक १५.१८ अंश, त्याच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणले की ०.०१४१४. बेरीज ०.०५२२०. तिचे वर्गमूळ ०.२२८५, ज्या कोनाचा साइन इतका आहे तो १३.२१ अंशांचा. त्याची दुप्पट २६.४१ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. उत्तर येते सुमारे २,९४० किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने या उत्तरात थोडी चूक राहते. या मार्गावर ती दहा किलोमीटरांहून कमी आहे. अधिक काटेकोर हिशेबासाठी चपट्या गोलाभावरील सूत्रे वापरतात. त्यांतील थॅडियस व्हिन्सेंटी याची १९७५ सालची रीत आजही प्रचलित आहे.

अंतराचे वेळेत रूपांतर

अंतर कळले म्हणून वेळ कळत नाही, हा धडा भारतीय हवाई वाहतुकीने आरंभापासून घेतला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. अंतर सुमारे १० किलोमीटरांचे, वेळ तेरा मिनिटांच्या आसपास. अधिकृत टपाल विमानाने नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच ‘पस मॉथ’ विमानात टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला इंधन घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद-जुहू सुमारे ४४० किलोमीटर. सकाळी साडेसहानंतर निघालेले विमान दुपारी दोनच्या आत पोहोचले. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर मार्गदर्शक यंत्रणा नव्हती; वैमानिकाचे डोळे आणि नकाशा हीच साधने. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई, म्हणून तेवढ्या काळापुरता तळ पुण्याला हलवावा लागे. कराची आणि मुंबई यांमधील अंतर ऋतूनुसार बदलत नव्हते, प्रवास मात्र बदलत होता.

नागपूरने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. १९४९ सालच्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५. चारही अंतरे एका रात्रीत जाऊन-येऊन संपणारी होती, म्हणून ही योजना शक्य झाली. लॅम्बटन ज्या शहराकडे जाताना वाटेत मरण पावला, ते शहर सव्वाशे वर्षांनी देशाच्या आकाशमार्गांचा चौक झाले.

लेहची धावपट्टी

अंतर आणि वेळ यांचा सर्वांत कठीण हिशेब लेहला करावा लागला. १९४८ च्या वसंतात लेह वेढले जाण्याच्या बेतात होते. रस्त्याने मदत पोहोचायला वेळ नव्हता. अभियंता सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली स्थानिकांनी सिंधूकाठी एक कच्ची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिच्यावर उतरवले. मेजर जनरल थिमय्या त्यांच्यासोबत होते. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेतील पर्वतरांगांवरून नेण्यासाठी ते त्याच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे चढवावे लागले होते. या उड्डाणानंतर कुमक पोहोचू लागली आणि लेह वाचले. तेव्हा श्रीनगरहून लेहपर्यंतच्या काही शे किलोमीटरांचा अर्थ पायी जाणाऱ्या तुकडीसाठी आठवडे असा होता, आणि विमानासाठी काही तास.

लेहचा हिशेब आजही सोपा झालेला नाही. दिल्ली ते लेह हे अंतर सुमारे ६२० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते पाऊण तासात संपायला हवे. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिलेला असतो. वेळापत्रकातील वेळ ही विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटाशी थांबेपर्यंतची असते. तिच्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, चढण, ठरलेल्या मार्गांची वळणे आणि दरीतून जपून उतरणे हे सारे येते.

दुसरे कारण हवेचे. लेहच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच असते. पंखांना तेवढीच उचल मिळवायची तर विमानाला जमिनीवर सुमारे १८ टक्के अधिक वेगाने धावावे लागते आणि त्याच विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी पडतो. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते, दुपारी दरीत वारे वाहू लागतात. म्हणून लेहची प्रवासी उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात. २०२४ च्या जुलैअखेरीस तेथील तापमान असाधारण वाढल्याने काही उड्डाणे रद्द करावी लागली. हवामान बदलाचा परिणाम धावपट्टीवर कसा दिसतो, याचे हे उदाहरण आहे.

तिसरे कारण वाऱ्याचे. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारा वाहतो. दिल्ली-कोलकाता अंतर ढोबळमानाने १,३०० किलोमीटर, विमानाचा हवेतील वेग ताशी ८५० आणि वारा ताशी १५० किलोमीटर धरू. जाताना १ तास १८ मिनिटे, येताना १ तास ५१ मिनिटे. गंमत अशी की वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ३ तास ४ मिनिटे लागली असती. वाऱ्यामुळे ३ तास ९ मिनिटे लागतात. जाताना वाचवलेला वेळ येताना पुरता परत द्यावा लागतो आणि वर थोडे व्याजही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते.

धावपट्टीच्या बाहेर पडणारा बिंदू

विमाने वेगवान झाली तशी जुन्या गोलाभाची मर्यादा उघडी पडली. प्रत्येक देशाची मोजणी आपापल्या आरंभस्थानावर उभी होती. भारताची कल्याणपूरवर, इतरांची आणखी कुठे. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत वेगळे येत. एव्हरेस्ट गोलाभावरील स्थान आणि उपग्रहांसाठी वापरली जाणारी जागतिक पद्धती यांत दिल्लीच्या परिसरात शंभर मीटरांहून अधिक तफावत पडते. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांच्या काळाचा विचार करता ही तफावत आश्चर्यकारकरीत्या लहान आहे. परंतु मोठ्या धावपट्टीची रुंदी साधारण ४५ मीटर असते. जुन्या पद्धतीतील आकडे नव्या उपग्रहयंत्रात जसेच्या तसे भरले, तर तो बिंदू धावपट्टीच्या बाहेर पडेल.

म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून ‘जागतिक भूगणितीय पद्धती १९८४’ हीच सर्व देशांच्या हवाई माहितीची समान पद्धती ठरवली. तिच्यात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८,१३७ मीटर आहे आणि आरंभस्थान कोणत्याही देशात नसून पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी आहे. भारतात २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीची नकाशामालिका याच पद्धतीवर आणली. त्यामुळे कल्याणपूर, लेह आणि पोर्ट ब्लेअर ही तिन्ही स्थाने आता एकाच केंद्रापासून मोजली जातात.

पुढची पायरी ‘गगन’ची. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ही यंत्रणा जमिनीवरील केंद्रांच्या मदतीने उपग्रहसंकेतांतील चूक शोधून तिची दुरुस्ती विमानापर्यंत पोहोचवते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढच्या लहानशा विमानतळावर ‘गगन’च्या आधारे प्रवासी विमान उतरवण्यात आले. जिथे विमान उतरवण्याची महागडी भूस्थित यंत्रणा बसवणे परवडत नाही, अशा दूरस्थ विमानतळांसाठी या घटनेचे मोल मोठे आहे.

जवळ आणि दूर

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. लेह ते पोर्ट ब्लेअर सरळ कंस २,९४० किलोमीटरांचा. ताशी ८०० किलोमीटर वेगाने तीन तास चाळीस मिनिटांचा. पण हा कंस नकाशावर आखला तर तो तिबेटच्या पश्चिम कडेवरून आणि पश्चिम नेपाळवरून, हिमालयाच्या सर्वोच्च रांगा तिरप्या कापत जातो. तेथे इंजिन बिघडल्यास वळायला जागा नाही आणि सीमांचा प्रश्न वेगळाच. म्हणून प्रवासी दिल्लीमार्गे जातो. लेह-दिल्ली ६२० आणि दिल्ली-पोर्ट ब्लेअर सुमारे २,४८५, मिळून ३,१०५ किलोमीटर. वळसा अवघा १६५ किलोमीटरांचा, शेकडा सहाहूनही कमी. दोन्ही उड्डाणांची वेळ मिळून पाच तासांच्या आसपास. तरीही प्रवासात बहुधा पूर्ण दिवस जातो, कधी रात्रही; कारण उरलेला वेळ अंतराचा नसून प्रतीक्षेचा असतो.

दूरस्थपणाची व्याख्या येथे बदलते. केवळ किलोमीटर अधिक आहेत म्हणून गाव दूर नसते. तेथे जाणारी वाट विरळ, ऋतूवर अवलंबून आणि महाग असते म्हणून ते दूर असते. ‘उडान’ योजनेने हे अप्रत्यक्षपणे मान्य केले. २०१६ साली जाहीर झालेल्या या योजनेत सुमारे ५०० किलोमीटरांच्या, तासाभराच्या उड्डाणातील ठरावीक जागांसाठी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवण्यात आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिचा आरंभ झाला तेव्हाच्या पहिल्या मार्गांत सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होता. अंतराचा आकडा आता भाड्याशी आणि अनुदानाशी बांधला गेला आहे. नांदेडच्या प्रवाशासाठी तो केवळ भूमितीचा विषय राहिलेला नाही.

लॅम्बटनच्या साखळीपासून ‘गगन’पर्यंत चुकीचा आकार शंभर मीटरांवरून काही मीटरांवर आला. अंतर जवळजवळ पूर्णपणे जाणले गेले आहे. वेळ मात्र आजही वारा, उंची, ऊन, सीमा आणि भाडे यांच्या हाती आहे. पुढच्या वेळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘२,९४० किलोमीटर’ हा आकडा उमटेल, तेव्हा हिंगणघाटच्या त्या कबरीची आणि अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावर घेऊन टेकडी चढणाऱ्या अनाम माणसांची आठवण ठेवणे उचित ठरेल. त्या एका संख्येत त्यांचीही पावले मोजलेली आहेत.